दहा दिवसांत दहा वस्तू? आधी ती यादी बाजूला ठेवा

तुम्ही विचारलंय की सुट्टीत घरच्या हॉलमधे दहा दिवसांचं क्राफ्ट वर्कशॉप घ्यायचंय, ६ ते १२ वयाची पंधरा मुलं येतील, रोज एक याप्रमाणे पेन स्टँड, फोटोफ्रेम, मुखवटा, ग्रीटिंग कार्ड अशी दहा वस्तूंची यादी केलीय, तर ती बरोबर आहे का आणि त्यात अजून काय घालता येईल. मी १८ वर्षं मुलांची उन्हाळी वर्कशॉप्स घेतेय म्हणून स्पष्टच सांगते, घालू काहीच नका, उलट त्यातल्या सहा-सात वस्तू काढून टाका.

कारण असं आहे की रोज एक वस्तू पूर्ण करून घरी न्यायची असं एकदा ठरलं की घड्याळ तुमच्या मानगुटीवर बसतं. पहिला अर्धा तास साहित्य वाटण्यात जातो, मग जी मुलं भराभर करतात ती दहा मिनिटांत मोकळी होऊन दंगा करतात, जी हळू करतात ती मागे राहतात, आणि शेवटच्या वीस मिनिटांत तुम्ही आणि तुमची मदतनीस मिळून सगळ्यांच्या वस्तू "नीट" करत सुटता. डोळे तुम्ही चिकटवता, कडा तुम्ही कापता, वाकडं झालेलं तुम्ही सरळ करता. घरी जातं ते तुमचं काम असतं, मुलाचं नाही, आणि मुलांना हे लगेच कळतं. सुरुवातीची दोन वर्षं मी असंच केलं. एक मुलगी न्यायला आलेल्या आईला म्हणाली, "हे टीचरने केलंय, मी फक्त रंगवलं." तक्रार म्हणून नाही हं, सहज बोलल्यासारखं, आणि तेच मला जास्त लागलं. त्या वर्षानंतर मी वस्तूंची यादी करणं बंद केलं.

यादी करायचीच तर मटेरियलची करा. दहा दिवसांना चार मटेरियल खूप झाली: कागद, रंग, माती आणि पेपर मॅशे (खळीत बुडवलेल्या कागदाचे थर वाळवून केलेलं काम). तीन दिवस कागद, तीन दिवस रंग आणि छपाई, दोन दिवस माती, उरलेले दोन दिवस अर्धवट राहिलेलं पूर्ण करायला, आणि पेपर मॅशे रोज थोडं थोडं सगळ्यातून फिरत राहतं कारण त्याला वाळायला वेळ लागतो. एकच मटेरियल सलग दोन-तीन दिवस हातात राहिलं की दुसऱ्या दिवशी मूल स्वतःहून म्हणतं की काल असं केलं तर फाटलं होतं, आज मी वेगळं करून बघतो. हे वाक्य ऐकायला मिळालं की समजायचं वर्कशॉप मार्गी लागलं. ही कल्पना काही माझी नाही, फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ मधे जर्मनीत लहान मुलांसाठी जे काम सुरू केलं, ज्याला पुढे किंडरगार्टन हे नाव मिळालं, त्यातही कागदाच्या घड्या, कागदाचं विणकाम, माती, टोचकाम याच गोष्टी पुन्हा पुन्हा मुलांच्या हातात दिल्या जायच्या.

दुसरं म्हणजे सहा आणि बारा वर्षांची मुलं एकत्र बसवू नका. लोकांना वाटतं मोठी मुलं लहानांना मदत करतील, प्रत्यक्षात मोठी मुलं लहानांचं काम करून टाकतात किंवा कंटाळतात. ६ ते ८ ची एक बॅच सव्वा तासाची, ९ ते १२ ची दुसरी दोन तासांची. लहान बॅचला सहा-सात मुलांमागे एक मोठं माणूस हवंच, मोठ्या बॅचला थोडं सैल चालतं.

आता कागद. बहुतेकजण घोटीव कागदापासून सुरुवात करतात कारण तो स्वस्त आणि रंगीत, पण कात्री नवीन धरणाऱ्या मुलाला पातळ कागद सगळ्यात अवघड, तो कात्रीच्या पात्यांमधे वळतो, चुरगळतो. सुरुवात कार्डशीटने करा, साधारण १६० ते २०० जीएसएमचं (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन, आकडा मोठा तसा कागद जाड). बोटभर रुंदीच्या पट्ट्या आधीच कापून द्या, एका कटमधे तुकडा पडेल अशा. मुलं नुसते तुकडे पाडत बसतात, पंधरा मिनिटं सहज, आणि तो कटकट आवाज त्यांना फार आवडतो. मग दोन-तीन कट लागतील अशा रुंद पट्ट्या, मग सरळ रेघ, मग वळण, आणि वळणाला पोचलात की एकच गोष्ट शिकवायची: कात्री फिरवायची नाही, कागद फिरवायचा. अंगठा वर, कोपर अंगाजवळ, आणि दुसऱ्या हाताने कागद फिरवत न्यायचा. मी मुलांना सांगते की कात्री ही गाडी नाही, तो बोगदा आहे, कागद त्यातून जातो. सहा वर्षांच्या मुलांना हे बरोबर कळतं.

डावखुऱ्या मुलांबद्दल वेगळं लिहायलाच हवं कारण इथे फार अन्याय होतो. उजव्या हाताच्या कात्रीची पाती अशी बसवलेली असतात की उजव्या हाताने दाबताना ती एकमेकांवर घट्ट येतात, तीच कात्री डाव्या हातात धरली की तोच दाब पात्यांना एकमेकांपासून लांब ढकलतो, त्यामुळे कागद कापला न जाता मधे दुमडतो, वर ज्या रेघेवर कापायचंय तीच वरच्या पात्याखाली लपते. मूल चांगलं करत असतं, कात्री चुकीची असते, आणि आपण म्हणतो याचा हात बसलेला नाही. दोन्ही हातांनी चालणारी म्हणून विकतात त्यातल्या बऱ्याच कात्र्यांची नुसती मूठ सारखी असते, पाती उजव्या हाताचीच. पाती उलटी बसवलेली खरी डावखुरी कात्री मागवा, पंधरा मुलांत दोन ठेवा.

घड्यांच्या दिवशी एक प्रयोग करायला विसरू नका. कागदाला ग्रेन असतो, म्हणजे आतले तंतू एका दिशेने जास्त झोपलेले असतात. वर्तमानपत्र उभं फाडा, सरळ पट्टी निघते, आडवं फाडा, वेडंवाकडं फाटतं. मुलांना आधी काही न सांगता दोन्ही फाडायला द्यायचं आणि विचारायचं काय फरक पडला. मग जाड कागद त्याच दिशेने आणि आडवा घडी घालून बघायचा, एका बाजूची घडी गुळगुळीत बसते, दुसऱ्या बाजूची तडकल्यासारखी होते. दहा वर्षांच्या मुलांच्या डोळ्यात हे बघताना जी चमक येते ती कुठल्याही फोटोफ्रेमने येत नाही. यानंतर ओरिगामीच्या आकृत्या दाखवा, दरी घडी (आत दुमडणारी) आणि डोंगर घडी (मागे दुमडणारी), तुटक रेघा आणि बाण. ही खुणांची पद्धत जपानच्या अकिरा योशिझावा यांनी बसवली, म्हणून आज कुठल्याही भाषेतली आकृती बघून घडी घालता येते. मोठ्या बॅचला तुम्ही करून दाखवू नका, आकृतीच द्या आणि वाचायला लावा. पहिल्या दिवशी वैतागतील, दुसऱ्या दिवशी एकमेकांना शिकवायला लागतील.

गोंदाबद्दल एकच, ठिपका द्यायचा, डबकं नाही. बाटली हातात दिली तर डबकंच होणार, त्यात मुलाची चूक नाही, म्हणून झाकणात थोडा थोडा काढून द्या, सोबत ओला फडका.

रंगांचे तीन दिवस मला स्वतःला सगळ्यात जवळचे. बारा रंगांचा बॉक्स उघडूच नका. लाल, पिवळा, निळा आणि पांढरा एवढंच द्या, काळा पहिले दोन दिवस कपाटात, कारण काळा हातात आला की मुलं प्रत्येक गोष्टीला बॉर्डर करतात आणि मिसळण्याची गरजच संपते. हिरवा करताना पिवळा आधी घ्यायचा आणि त्यात निळ्याचा छोटासा ठिपका, उलटं केलं तर पिवळा संपत येतो तरी रंग काही उजळत नाही. आणि जांभळा, इथे हमखास सगळे फसतात. लाल अधिक निळा बरोबर जांभळा असं पुस्तकात शिकलेलं असतं, मूल मिसळतं आणि मळकट तपकिरी निघतो, मग त्याला वाटतं माझंच चुकलं. चूक लालाची असते, जो लाल शेंदरीकडे झुकतो तो आधीच पिवळ्या बाजूचा असतो, म्हणजे निळा घातल्यावर तिन्ही रंग एकत्र आल्यासारखं होतं आणि तिन्ही एकत्र म्हणजे तपकिरी. गुलाबीकडे झुकणारा, मॅजेंटासारखा लाल घ्या, जांभळा लख्ख येतो. मी मुद्दाम दोन्ही लाल टेबलावर ठेवते आणि मुलांनाच शोधू देते की कुठल्या लालाने जांभळा होतो. आणि हो, पाण्याचे दोन डबे, एक ब्रश धुवायला, दुसरा स्वच्छ पाणी घ्यायला, नाहीतर तिसऱ्या मिनिटाला सगळ्या चित्रांवर एकच राखाडी झाक येते.

छपाईत पानांचे ठसे सोपे, फक्त रंग पानाच्या मागच्या बाजूला लावायचा, शिरा तिकडे उठावदार असतात. त्यापुढे पुठ्ठ्यावर दोरा चिकटवून ठसा करायचा. एकदा एका आठ वर्षांच्या मुलाने दोऱ्याने स्वतःचं नाव चिकटवलं, रंग लावला, छापलं, आणि नाव उलटं आलं. तो काही बोलला नाही, कागद घेऊन खिडकीशी गेला आणि उजेडात मागच्या बाजूने बघितलं, तिकडून नाव सरळ दिसत होतं. बराच वेळ कागद पुढून मागून करत उभा होता. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या त्याने पातळ कागदावर नाव लिहिलं, कागद पालथा घातला, मागून जे अक्षर दिसतंय त्यावरून दोरा चिकटवत गेला. मी त्याला एक शब्द सांगितला नव्हता. दुसऱ्या दिवशी पण छपाईच होती म्हणून हे झालं, नवीन वस्तू असती तर ते उलटं नाव तसंच घरी गेलं असतं आणि बहुतेक कचऱ्यात पडलं असतं.

मातीचा पहिला दिवस काही बनवायचा नाहीच. थापटा, लांबवा, वळ्या करा, बोटं खुपसा. मग मुठीत मावेल एवढा गोळा, त्यात अंगठा दाबायचा आणि गोळा फिरवत फिरवत चिमटीने भिंत उभी करायची, भिंत करंगळीएवढी जाड राहू द्या, मुलं पातळ करायच्या नादात भोक पाडतात. कान, हात, मूठ जोडायची तर नुसतं चिकटवून भागत नाही, ओलं असताना चिकटलेलं दिसतं आणि वाळल्यावर गळून पडतं. दोन्ही बाजूंना काटा चमच्याने ओरखडे काढायचे, मधे पातळ चिखल लावायचा आणि दाबून थोडं हलवायचं. सगळ्यात जास्त रडारड मी बघितलीय ती काचेच्या बाटलीवर माती लावण्यात. बाटलीवर माती थापून छान प्राणी करतात आणि दुसऱ्या दिवशी त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग. माती वाळताना आकसते, बाटली आकसत नाही, मग माती फाटणारच. वर्कशॉप घेणाऱ्या माणसाला हे माहीत असायलाच हवं, मुलाने दोन तास केलेलं काम आपल्या अज्ञानामुळे फुटायला नको. वाळवायचं ते सावलीत, वरून प्लास्टिक सैलसर टाकून, हळूहळू. उन्हाळा आहे म्हणून उन्हात किंवा पंख्याखाली ठेवलं की कडा आधी वाळतात, आतलं ओलं राहतं आणि तडे जातात. भट्टीत भाजणार नसाल तर मुलांना आणि घरच्यांना आधीच सांगा की यात पाणी घालायचं नाही, विरघळेल. आणि सांडलेली सुकी माती झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, ती बारीक धूळ फुफ्फुसांना चांगली नाही.

पेपर मॅशेला पहिल्याच दिवशी हात घाला. फुग्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या, कापलेल्या नाही, फाडलेल्या, फाटलेली कड एकमेकीत मुरते. एक थर छापील कागदाचा, पुढचा कोऱ्या कागदाचा, असं आलटून पालटून केलं की कुठे राहिलंय ते मुलाला स्वतःच दिसतं, तुम्हाला बोट दाखवावं लागत नाही. दिवसाला एक थर, चार थर पुरतात. फुगे उन्हातून आत, आतून उन्हात असे हलवू नका, तापला की फुगा फुगतो, गार झाला की आकसतो, आणि ओलं कवच चुरगळतं. मैद्याची खळ करणार असाल तर थोडं मीठ घाला म्हणजे बुरशी जरा लांबते, तरी दोन दिवसांच्या वर ठेवू नका. प्रवेशाच्या फॉर्ममधे गहू आणि रबराची ॲलर्जी विचारायची, खळ आणि फुगे दोन्हीसाठी. हे मी एका मुलाच्या हातावर पुरळ उठल्यावर शिकले, तुम्ही आधीच विचारा.

काही गोष्टींना मी सरळ नाही म्हणते. प्लास्टर ऑफ पॅरिसमधे हाताचा ठसा घेणं, अगदी लोकप्रिय आहे, करू नका. ते घट्ट होताना चांगलंच तापतं, ६० अंशांच्या वर जाऊ शकतं, आणि हात आत अडकलेला असतो. २००७ मधे इंग्लंडच्या एका शाळेत सोळा वर्षांच्या मुलीने हाताचा साचा घेण्यासाठी प्लास्टरमधे हात घातले आणि तिला जवळजवळ सगळी बोटं गमवावी लागली. ठसा हवाच असेल तर मातीत घ्या. ग्लू गन लहान बॅचच्या खोलीतच नको, मोठ्यांना द्यायची तर कमी तापमानाची, तरी तीही १२० अंशांच्या आसपास तापते म्हणून एका वेळी एकच मूल आणि शेजारी तुम्ही. सुटी चमकी पण आणू नका, ते प्लास्टिकचेच बारीक कण असतात, युरोपियन युनियनने ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर बंदी आणलीय, शिवाय डोळ्यात गेली की धुवून निघता निघत नाही.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी समोर येईलच: "मला जमत नाही." सहा वर्षांचं मूल हे फार कमी वेळा म्हणतं, त्याच्या चित्रात खाली जमिनीची पट्टी, वर आकाशाची पट्टी, मधे मोकळं, आणि तो खुश असतो. नऊ-दहाच्या आसपास अचानक बदलतं. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षकाने मुलांच्या चित्रांचे वयानुसार टप्पे मांडले होते, त्यातही ९ ते १२ हा खऱ्यासारखं दिसायला हवं असं वाटू लागण्याचा टप्पा आहे. डोळा पुढे गेलेला असतो आणि हात मागे राहिलेला असतो. बरीच मुलं याच वयात चित्र सोडतात ती कायमची, आणि तुमच्या मोठ्या बॅचमधे नेमकी हीच मुलं असणार आहेत. त्यांना "अगं छान आहे की" म्हटलेलं पटत नाही, त्यांना दिसत असतं की छान नाहीये. त्याऐवजी जे दिसतंय ते बोला: तू इथे तीन वेगवेगळे हिरवे वापरलेस, ही घडी तू परत उलगडून घातलीस ना. आणि अडलंय कुठे ते विचारा, हात अडलाय की कल्पना अडलीय, हात अडला असेल तर एक युक्ती दाखवता येते. पण दाखवायचं ते वेगळ्या कागदावर, मुलाच्या कागदाला आपला ब्रश लागता कामा नये. हा नियम मी मदतनिसांनाही पहिल्या दिवशी सांगते, बाकी सगळ्यात तडजोड करते, यात नाही. फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ मधे व्हिएन्नात मुलांचा कलावर्ग सुरू केला तेव्हा मुलांकडून मोठ्यांची चित्रं गिरवून घ्यायची नाहीत हाच त्यांचा आग्रह होता, आणि तरी अजून आपण नमुना फळ्याला चिकटवून पंधरा सारखे मुखवटे करून घेतो.

त्यामुळे तयार नमुना टेबलावर ठेवूच नका. दाखवायचंच तर तीन वेगळे दाखवा, एक पूर्ण, एक अर्धवट, एक फसलेला, आणि काम सुरू झालं की तिन्ही उचलून आत ठेवा.

पालकांना सुरू व्हायच्या आधीच मेसेज करा की रोज काही घरी येणार नाही, कपडे खराब होतील, आणि घरी आल्यावर "हे काय आहे" असं न विचारता "कसं केलंस" विचारा. दोन-चार जण नाराज होतात, एखादा पैसे परत मागतो, देऊन टाका. बाकीच्यांना शेवटच्या दिवशी बोलवा आणि टेबलावर प्रत्येक मुलाचं सगळं काम मांडा, पहिल्या दिवशीच्या कापलेल्या पट्ट्यांसकट. त्यासाठी पहिल्या दिवसापासून प्रत्येकाचं एक पाकीट करा, प्रत्येक कागदाच्या मागे नाव आणि तारीख. माहिती मुलांनाच सांगू द्या, तुम्ही मागे उभ्या राहा.

तुमच्या यादीतलं काय ठेवायचं ते सांगते. मुखवटा ठेवा, पेपर मॅशेच्या फुग्याचा अर्धा भाग कापला की तोच मुखवटा होतो. ग्रीटिंग कार्ड ठेवा, छपाईत निघेल. पेन स्टँड ठेवायचा असेल तर पुठ्ठ्याच्या गोल तळाला उभ्या पट्ट्या लावून त्यातून लोकर विणायला द्या, फक्त पट्ट्यांची संख्या विषम हवी, १३ किंवा १५, सम घेतल्या तर दुसऱ्या फेरीला लोकर पुन्हा त्याच पट्टीच्या वरून जाते आणि विणच बसत नाही. बाकीच्या सात वस्तू खोडा. आणि डावखुऱ्या कात्र्या आजच मागवून ठेवा, त्या ऐनवेळी मिळत नाहीत.